बंदुकीशेजारचा तांब्या

मी मेढ्यातून बोलतोय. आपल्या सातारा जिल्ह्यात फौजेचा विषय निघाला की गप्पा थेट बंदुकीवर आणि पदकांवर जातात. आज आपण शिपायाच्या पिशवीत हात घालूया. तिथं काय सापडतं? वस्तरा, कंगवा, साबणाची वडी आणि पितळी तांब्या. साधं सामान. पण लढाईत गोळीपेक्षा जास्त माणसं आजारानं पडायची, म्हणून या सामानाची गोष्ट महत्त्वाची.

पहिलं महायुद्ध. मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. तिथं गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. आपल्याकडं प्यायचा तांब्या वेगळा आणि परसाकडं न्यायचं टमरेल वेगळं. पण मोहिमेवर निघालेला गडी पाठीवर किती भांडी नेणार? आणि तांब्या कितीही लख्ख घासला तरी त्यात येणार टायग्रिस नदीचंच पाणी. त्याच नदीवर माणसं, जनावरं, बोटी, सगळा राबता. हगवण आणि कॉलरा तिथूनच आला. पुढं १९१७ साली बगदाद जिंकणारा सेनापती जनरल मॉड, तोसुद्धा कॉलऱ्यानं गेला. मग साध्या शिपायाची काय कथा!

नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनची लढाई झाली. जखमींना बोटीत दाटीवाटीनं भरून बसऱ्याला आणलं. हगवण लागलेली माणसं, उठायची ताकद नाही, हाताशी भांडं नाही, धुवायला कुणी नाही. अशी ती आपल्याच घाणीत पडून होती. मेजर कार्टर नावाच्या लष्करी डॉक्टरनं हे बघितलं आणि तक्रार केली. वरिष्ठांनी उलट त्यालाच अटकेची धमकी दिली. पण १९१७ च्या चौकशी अहवालात सगळं बाहेर आलं आणि लंडनमधले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

बाकीची फौज कुत अल-अमारा गावात अडकली. वेढा १४७ दिवसांचा. नदी समोर, पण पाणी भरायला गेलं की पलीकडून गोळी. ताजी भाजी नाही, त्यामुळं स्कर्व्ही झाला : हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलतात. आता अशा तोंडाला कडुनिंबाची काडी काय करणार? २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली.

आता दुसरं महायुद्ध, ब्रह्मदेशाची आघाडी. जनरल स्लिम यांनी लिहून ठेवलंय की १९४३ मध्ये एका जखमीमागं १२० आजारी मागं पाठवावे लागत. सगळ्यात मोठा शत्रू मलेरिया. पिशवीत आता एक नवी वस्तू आली, मेपाक्रिनची पिवळी गोळी. कातडी पिवळी पडायची. वर अफवा अशी की गोळीनं मर्दानगी जाते! मग पोरं गोळी टाळणारच की. स्लिम यांनी काय केलं, तर शिपायाला दोष देत बसले नाहीत. अचानक तपासणी घ्यायची आणि पलटणीत गोळी घेणारे ९५ टक्क्यांपेक्षा कमी निघाले, तर थेट कमांडिंग ऑफिसरला घरी बसवायचं. तिघांना काढलं, बाकीचे आपोआप सुधारले. संध्याकाळी बाह्या खाली सोडायच्या, हाही हुकूमच होता. आजाऱ्यांचा आकडा झपाट्यानं खाली आला.

मला यातून एकच गोष्ट दिसते. मेसोपोटेमियात गेलेला आपला गडी काही अस्वच्छ नव्हता. स्वच्छतेची सवय त्यानं घरूनच नेली होती. कमी पडलं ते स्वच्छ पाणी, बोटी आणि वरच्यांची फिकीर. ब्रह्मदेशात जबाबदारी साहेबावर टाकली, तेव्हा जीव वाचले.

आपल्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा स्मारकापुढं आपण लढाईतलं शौर्य आठवतो, ते बरोबरच आहे. पण परमुलखात तापानं, हगवणीनं गेलेलाही तितकाच शिपाई होता.

तुमच्या घरी आजा-पणज्याची फौजेतली पेटी असेल, तर एकदा उघडा. पदक बघाल, तसा तांब्या आणि वस्तराही बघा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याबद्दल विचारा. काय ऐकलंत ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!