नवी आवृत्ती असताना झॉम्बी गेमची जुनी आवृत्ती का खेळतात?

‘सेव्हन डेज टू डाय’ हा झॉम्बींपासून जीव वाचवण्याचा कॉम्प्युटर गेम. लाकूड तोडायचं, दगड फोडायचे, घर बांधायचं आणि दर सातव्या रात्री चाल करून येणाऱ्या झुंडीला तोंड द्यायचं. टेक्सासच्या ‘द फन पिम्प्स’ कंपनीने तो डिसेंबर २०१३ मध्ये अर्धवट अवस्थेतच विक्रीला आणला; १.० आवृत्ती आली थेट जुलै २०२४ मध्ये. मधल्या काळात ‘अल्फा’ नावाने अनेक आवृत्त्या निघाल्या. आजही काही खेळाडू मुद्दाम अल्फा १६ कडे वळतात.

याला निव्वळ जुन्या आठवणी म्हणून चालणार नाही, कारण नियमच बदलले आहेत. अल्फा १६ मध्ये जे काम कराल त्यात हात बसायचा. खाण खोदली की खाणकामाचं कौशल्य वाढायचं. २०१८ च्या अखेरीस आलेल्या अल्फा १७ ने ही पद्धत काढली. आता कुठल्याही कामातून गुण मिळवा आणि हव्या त्या कौशल्यावर खर्च करा. म्हणजे झॉम्बी मारून बांधकाम शिका! जुन्या पद्धतीतही खोट होतीच. कौशल्य वाढवायला लोक एकच वस्तू पुन्हा पुन्हा बनवत बसायचे. पण मेहनतीचा आणि फळाचा संबंध सरळ होता.

झॉम्बीही बदलले. पूर्वी ते बहुतेक सरळ अंगावर यायचे, नंतर भिंतीचा कच्चा भाग आणि सोपी वाट शोधू लागले. २०२३ च्या अल्फा २१ ने तर पाणी भरायच्या काचेच्या बरण्याच काढून टाकल्या. नदीकाठी घर बांधून पाण्याची चिंता मिटवणाऱ्यांना हे फार लागलं.

जुनी आवृत्ती मिळते कशी?

गेम स्टीमवर विकत घेतलेला असेल तर लायब्ररीत त्याच्या नावावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, मग ‘बीटाज’मध्ये हवी ती आवृत्ती निवडा. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत. मात्र सेव्ह केलेल्या खेळाची प्रत आधी काढून ठेवा, एका आवृत्तीतलं जग दुसऱ्या आवृत्तीत नीट चालेलच असं नाही. मित्रांसोबत खेळायचं तर सगळ्यांची आवृत्ती एकच हवी. आणि काही जीबींचं डाउनलोड पुन्हा करावं लागतं. आंजी (मोठी) सारख्या गावात मोबाइल डेटावर खेळणाऱ्याने हा हिशेब आधीच केलेला बरा.

मग पब्जीचा जुना झॉम्बी मोड का मिळत नाही?

महाराष्ट्रात अनेकांनी झॉम्बी पहिल्यांदा पाहिले ते पब्जी मोबाइलमध्ये. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘रेसिडेंट एव्हिल २’ सोबत त्यात झॉम्बी मोड आला होता. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातली, ३० ऑक्टोबरला भारतातली सेवा थांबली आणि जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला. हे गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतात. सर्व्हरने जुनी आवृत्ती ओळखायची बंद केली की फोनमधली फाइल नुसतीच पडून राहते, ‘अपडेट करा’ एवढंच सांगते.

तरीही ‘जुनं पब्जी’ म्हणून एपीके फाइल्स फिरत असतात. अशा फाइलमध्ये कुणी काय घुसवलंय हे इन्स्टॉल करणाऱ्याला कळत नाही, आणि यूपीआय बहुधा त्याच फोनवर असतं.