डिजिटल अभिलेखागारातील तात्पुरत्या फायली

डिजिटल अभिलेखागारातील तात्पुरत्या फायली म्हणजे अभिलेख जतन करणारे सॉफ्टवेअर सर्व्हरवर काम करीत असताना निरनिराळ्या टप्प्यांसाठी निर्माण होणाऱ्या आणि काम संपताच नाहीशा होणे अपेक्षित असलेल्या फायली होत. प्रक्रिया मध्येच थांबल्यास किंवा सफाईचा टप्पा पार न पडल्यास त्या सर्व्हरवर पडून राहतात. वेळीच न हटवल्यास डिस्क भरून जतनाचे काम बंद पडते. अविचाराने हटवल्यास एखाद्या अभिलेखाची उरलेली एकमेव प्रत कायमची नष्ट होऊ शकते. त्यामुळे त्यांची सफाई ही सर्व्हरचा व्यवस्थापक व अभिलेखपाल या दोघांची संयुक्त जबाबदारी ठरते.

स्वरूप

डिजिटल जतनाची बहुतेक सॉफ्टवेअरे ओएआयएस या संदर्भ प्रतिमानाला अनुसरतात. हे प्रतिमान आयएसओ १४७२१ या क्रमांकाने २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्यात माहितीची तीन पॅकेजे कल्पिलेली आहेत : देणगीदाराकडून किंवा कार्यालयाकडून आलेले दाखल पॅकेज, दीर्घकाळ सांभाळायचे जतन पॅकेज आणि वाचकाला द्यायचे वितरण पॅकेज. पहिल्यापासून दुसरे व तिसरे तयार होताना ज्या मधल्या प्रती निर्माण होतात, त्यांतूनच तात्पुरत्या फायलींचा मोठा भाग येतो.

या फायली साधारणपणे चार प्रकारच्या असतात. पहिला प्रकार आलेल्या सामग्रीच्या कामापुरत्या प्रतींचा. दुसरा प्रकार उघडलेल्या झिप किंवा टार संग्रहांतील फायलींचा. तिसरा प्रकार स्वरूप बदलणाऱ्या साधनांनी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेल्या मधल्या फायलींचा. इमेजमॅजिक हे चित्रांचे साधन अशा फायली सर्व्हरच्या टीएमपी फोल्डरमध्ये लिहिते आणि ते मध्येच बंद पडले, तर त्या तेथेच राहतात. चौथा प्रकार अयशस्वी ठरलेल्या किंवा नाकारलेल्या पॅकेजांचा. पहिले तीन प्रकार बहुधा निरुपयोगी अवशेष असतात; चौथ्याविषयी तसे गृहीत धरता येत नाही.

जागेची गरज

प्रक्रियेला लागणारी जागा मूळ सामग्रीपेक्षा कितीतरी अधिक असते. उदाहरणार्थ, ए-४ आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयने स्कॅन करून असंकुचित टिफ स्वरूपात ठेवल्यास त्याची फाइल सुमारे २६ एमबी होते. अशा १,००० पानांच्या दप्तराला सुमारे २६ जीबी जागा लागते. संकुचित जेपेग प्रतिमांपासून अशा टिफ प्रती तयार होत असताना मूळ प्रती, टिफ प्रती, अद्याप न बांधलेले पॅकेज व बांधले जात असलेले संकुचित पॅकेज यांपैकी अनेक गोष्टी काही काळ एकाच वेळी डिस्कवर असतात. या टप्प्यावर वीज गेली किंवा सेवा बंद पडली, तर तेवढा सर्व पसारा मागे राहतो.

आर्काइव्हमॅटिकामधील रचना

आर्काइव्हमॅटिका हे कॅनडातील आर्टिफॅक्चुअल सिस्टम्स या कंपनीने विकसित केलेले मुक्त स्रोत जतन सॉफ्टवेअर आहे. विषाणू तपासणी, स्वरूपाची ओळख, चेकसमची गणना, स्वरूपांतर, पॅकेज बांधणी अशी कामे ते लहान लहान टप्प्यांत करते. या टप्प्यांमधून जाणारी सामग्री एका सामायिक फोल्डरमधील निरनिराळ्या उपफोल्डरांतून पुढे सरकत जाते. चालू कामासाठी एक उपफोल्डर असतो, अयशस्वी पॅकेजांसाठी दुसरा, वापरकर्त्याने नाकारलेल्यांसाठी तिसरा आणि तात्पुरत्या कामासाठी आणखी एक.

या रचनेत तीन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, मूळ मांडणीत तयार जतन पॅकेजांचे भांडारही याच सामायिक फोल्डरच्या पोटात असते. पुढील निर्णयासाठी राखून ठेवलेल्या सामग्रीची प्रतीक्षायादीही तेथेच असते. त्यामुळे सामायिक फोल्डरमध्ये आहे म्हणून ती फाइल तात्पुरती, असा निष्कर्ष काढणे घातक ठरते. अनेक संस्था भांडार स्वतंत्र डिस्कवर हलवतात, त्यामागे हेही एक कारण असते.

दुसरी गोष्ट डॅशबोर्डची. तेथील यादीतून एखादी नोंद काढून टाकली, तर ती केवळ दृष्टीआड होते. तिच्याशी संबंधित फायली त्या कृतीने डिस्कवरून जात नाहीत. यादी स्वच्छ दिसत असूनही डिस्क भरत जाते, याचे हे एक नेहमीचे कारण आहे. प्रक्रियेच्या फोल्डरांनी व्यापलेली जागा पाहण्यासाठी व ती मोकळी करण्यासाठी व्यवस्थापन विभागात स्वतंत्र सोय दिलेली आहे.

तिसरी गोष्ट अधिकाराची. भांडारातील जतन पॅकेज हटवण्यासाठी आधी विनंती नोंदवावी लागते आणि ती स्टोरेज सर्व्हिस या भागातून मंजूर व्हावी लागते. तात्पुरत्या फोल्डरांना असे संरक्षण नाही. सर्व्हरवर पुरेसा अधिकार असलेली व्यक्ती एका आज्ञेने ते रिकामे करू शकते आणि त्या कृतीची नोंद अभिलेखागाराच्या कागदपत्रांत आपोआप होत नाही.

डीस्पेसमधील रचना

डीस्पेस हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी मिळून २००२ मध्ये उपलब्ध करून दिलेले संग्रह-सॉफ्टवेअर आहे. भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांचा शोधगंगा हा संग्रह याच सॉफ्टवेअरवर उभारलेला असून तो गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र चालवते. महाराष्ट्रातील विद्यापीठांचे प्रबंधही त्यात आहेत.

डीस्पेसमध्ये अपलोड होत असलेल्या फायली प्रथम एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये येतात व नंतर भांडारात जातात. संग्रहातून एखादी फाइल काढली, की डेटाबेसात तिच्यावर केवळ 'हटवलेली' अशी खूण होते. ती भांडारातून प्रत्यक्ष नाहीशी करण्यासाठी सफाईची स्वतंत्र आज्ञा चालवावी लागते. अगदी अलीकडे, म्हणजे तासाभराच्या आत लिहिलेल्या फायलींना ही आज्ञा हात लावत नाही, जेणेकरून चालू असलेल्या कामात व्यत्यय येऊ नये. खूण करणे व प्रत्यक्ष हटवणे या दोन कृती वेगळ्या ठेवण्याचे हे तत्त्व इतर ठिकाणीही उपयुक्त ठरते.

दुर्लक्षाचे परिणाम

डिस्क पूर्ण भरल्यास नवे पॅकेज लिहिता येत नाही. डेटाबेसही त्याच डिस्कवर असेल, तर त्याचे कामकाज थांबते. अपुऱ्या जागेमुळे बांधणी अयशस्वी झाली, की तिचे अवशेष उरतात आणि पुढील पॅकेजला जागा आणखी कमी पडते. लिनक्सच्या अनेक फाइलप्रणालींत फायलींच्या संख्येलाही मर्यादा असते. लक्षावधी बारीक फायली साचल्यास डिस्कवर जागा शिल्लक दिसत असूनही नवी फाइल तयार होत नाही.

गोपनीयतेचा प्रश्न तितकाच गंभीर आहे. व्यक्तिगत पत्रे, वैद्यकीय कागद किंवा सेवापुस्तके असलेले पॅकेज देणगीदाराच्या विनंतीवरून भांडारातून काढले, तरी त्याची कामापुरती प्रत अयशस्वी पॅकेजांच्या फोल्डरमध्ये राहिलेली असू शकते. तशी ती राहिल्यास अभिलेखागाराने दिलेला शब्द प्रत्यक्षात पाळला गेलेला नसतो.

हटवण्यापूर्वीची पडताळणी

उरलेली फाइल निरुपयोगी आहे की नाही, हे तिच्या जागेवरून, नावावरून किंवा वयावरून ठरत नाही. तीच सामग्री भांडारात सुरक्षित पोहोचली आहे का, हा एकच प्रश्न निर्णायक असतो.

नावावर विसंबता न येण्याचे कारण असे की, आर्काइव्हमॅटिका फायलींच्या नावांतील अडचणीची अक्षरे बदलते व रोमनेतर लिपीतील नावांचे रोमन लिप्यंतर करते. देवनागरी नाव असलेली फाइल जतन पॅकेजात वेगळ्याच नावाने आढळते. मूळ नाव पॅकेजातील मेट्स या वर्णन-फाइलीत नोंदवलेले असते. पॅकेजांच्या ओळख-क्रमांकांबाबतही असाच घोटाळा संभवतो. प्रत्येक पॅकेजाच्या नावाला ३६ चिन्हांचा यूयूआयडी जोडलेला असतो. परंतु दाखल करताना मिळालेला क्रमांक आणि जतन पॅकेजाचा क्रमांक हे वेगवेगळे असतात. पहिला क्रमांक भांडारात सापडला नाही, म्हणजे सामग्री साठवली गेली नाही, असे सिद्ध होत नाही. जतन पॅकेजातील दाखल-कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये तो पाहावा लागतो.

वयाचा निकष याहून फसवा आहे. प्रत करताना मूळ फाइलीची बदलाची तारीख टिकवण्याची पद्धत अभिलेखागारांत रूढ आहे, कारण ती तारीख हाही पुरावा असतो. परिणामी १९९८ मध्ये टंकलिखित केलेले पत्र आज सकाळी सर्व्हरवर आले, तरी त्याची तारीख १९९८ चीच दिसते. बदलाच्या तारखेवरून ३० दिवसांपेक्षा जुन्या फायली हटवण्याची आज्ञा अशी चालू कामातील सामग्री पुसून टाकू शकते.

विश्वासार्ह तुलना चेकसमवरून होते. एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने काढलेली ही ६४ षोडशमान अंकांची खूण फाइलीतील मजकुरावर अवलंबून असते, नावावर किंवा तारखेवर नाही. आर्काइव्हमॅटिकाची जतन पॅकेजे बॅगइट या रचनेत बांधलेली असतात. ही रचना आरएफसी ८४९३ या दस्तऐवजात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक फाइलीचा चेकसम एका यादीत लिहिलेला असतो. उरलेल्या मूळ फाइलीचा चेकसम त्या यादीत सापडला आणि पॅकेजाची पडताळणीही यशस्वी झाली, तरच ती फाइल हटवण्यास योग्य मानावी. न सापडल्यास ती प्रथम सुरक्षित जागी हलवून अभिलेखपालाचा निर्णय घ्यावा.

सफाईची पद्धत

सुरक्षित सफाईचा क्रम सामान्यतः पुढीलप्रमाणे असतो.

१. चालू असलेली सर्व कामे पूर्ण होऊ देणे आणि नवी सामग्री घेणे थांबवणे.
२. कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली आहे, याची यादी करणे.
३. कोणत्याही चालू प्रक्रियेने फाइल उघडी ठेवलेली नाही, याची खात्री करणे. लिनक्समध्ये उघडी फाइल हटवली, तरी ती धरून ठेवणारी प्रक्रिया ती बंद करीपर्यंत डिस्कवरील जागा मोकळी होत नाही.
४. अयशस्वी व नाकारलेल्या पॅकेजांची भांडाराशी चेकसमच्या आधारे तुलना करणे.
५. प्रथम केवळ हटवायच्या फायलींची यादी छापून ती दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेणे.
६. हटवल्यानंतर दिनांक, पॅकेजाचे क्रमांक, कारण व मंजुरी देणाऱ्याचे नाव नोंदवून ठेवणे.

स्वयंचलित सफाई

सिस्टमडी वापरणाऱ्या अनेक लिनक्स सर्व्हरांवर तात्पुरत्या फोल्डरांची सफाई आपोआप होते. तिच्या मूळ मांडणीत टीएमपी फोल्डरमधील १० दिवस व व्हार-टीएमपी फोल्डरमधील ३० दिवस न वापरलेल्या फायली हटवल्या जातात. वितरणानुसार हे आकडे बदलतात. सर्वसामान्य साधनांनी मागे सोडलेल्या मधल्या फायलींसाठी ही सोय पुरेशी असते. मात्र जतन सॉफ्टवेअरचे कामाचे फोल्डर तिच्या कक्षेत आणू नयेत. तेथील पॅकेज अभिलेखपालाच्या निर्णयाची वाट पाहत कित्येक आठवडे थांबलेले असू शकते आणि ही वाट पाहणे हा प्रक्रियेचाच भाग असतो. अशा फोल्डरांसाठी आपोआप हटवण्याऐवजी जागा ठरावीक मर्यादेच्या खाली जाताच सूचना देणारी व्यवस्था अधिक योग्य ठरते.

हे सुद्धा पहा

अभिलेखागार
डिजिटल जतन
चेकसम
मुक्त स्रोत सॉफ्टवेअर