पोलादात परतलेलं गंधक

लेथवर 304 स्टेनलेसचा राउंड बार लावला की चिप लवकर तुटत नाही. हातभर लांब, चमकदार, धारदार तार सुटत राहते, चकला वेटोळे घालते आणि टर्नरला मशीन थांबवून ती आकड्याने ओढून काढावी लागते. ड्रिल क्षणभर न कापता नुसतं घासत राहिलं, तर भोकाचा तळ इतका कडक होतो की नवं ड्रिलही तिथे घसरतं. शेजारच्या मशीनवर 303 चालू असेल, तर चिप तुकड्यातुकड्यांनी ट्रेमध्ये पडते आणि टॅप सहज आटे पाडतो. दोन्ही बार दिसायला सारखे, क्रोमियम आणि निकेलही जवळपास तेवढंच. फरक चिमूटभर गंधकाचा. 304 मध्ये ते 0.03 टक्क्यांच्या आत ठेवतात, 303 मध्ये किमान 0.15 टक्के असावंच लागतं.

आणि गंधक तर लोखंडाचा जुना वैरी. त्याचं लोहाशी संयुग झालं की ते पोलादाच्या कणांच्या सीमांवर जमतं, साधारण 1000 अंश सेल्सिअसला वितळतं आणि तापलेला गोळा घणाखाली तडकतो. 1856 मध्ये बेसेमरच्या पद्धतीने स्वस्त पोलाद निघू लागलं, त्याच वर्षी रॉबर्ट मशेटने त्यात मँगनीज घालण्याचं पेटंट घेतलं. मँगनीज गंधकाला आपल्याकडे ओढून घेतं; त्यांचे मऊ, बारीक कण पोलादात विखुरलेले राहतात. पुढे लेथवर या कणांचा दुसराच गुण दिसला. टूल तिथवर पोचलं की चिप तुटते. 1873 मध्ये क्रिस्तोफर स्पेन्सरने अमेरिकेत स्वयंचलित लेथचं पेटंट घेतलं, स्क्रू हजारोंनी पडू लागले आणि गंधकयुक्त बारला मागणी आली.

स्टेनलेस या कथेत शेफील्डमधून शिरतं. भट्टीवर पोलाद ओतणाऱ्या कामगाराचा मुलगा हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या आतून लवकर का झिजतात, याचा शोध घेत होता. 13 ऑगस्ट 1913 रोजी त्याने 12.8 टक्के क्रोमियम आणि 0.24 टक्के कार्बन असलेलं पोलाद ओतलं. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी नमुन्यावर आम्ल लावायचं, तर आम्ल चढेना. हे सुऱ्यांसाठी उत्तम, असं त्याच्या मनाने घेतलं. पण कारागिरांना ते घडवायला आणि धार लावायला इतकं जड गेलं की ‘न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक’ म्हणून त्याची थट्टा झाली. सुऱ्यांच्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्टने व्हिनेगर लावून पाहिलं, डाग पडला नाही आणि ‘स्टेनलेस’ हे नाव रूढ झालं.

जर्मनीत एसेनच्या क्रुप कारखान्यात श्ट्राउस आणि माउरर यांनी 1912 मध्येच क्रोमियम-निकेल पोलादाचं पेटंट घेतलं होतं. 1924 मध्ये शेफील्डच्या हॅटफील्डने 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल हे प्रमाण पुढे आणलं. आजचं 304 त्याच घराण्यातलं. गंजायचं नाही हे खरं, पण त्याचा नट, शाफ्ट किंवा व्हॉल्व्हची दांडी बनवणाऱ्याचे हाल कुणी मोजले नव्हते.

ते मोजले अमेरिकेत. पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंग गावच्या कार्पेंटर स्टीलने 1920 च्या दशकाच्या अखेरीस स्टेनलेसमध्ये गंधक मुद्दाम घालायला सुरुवात केली. 416 आणि 303 हे प्रकार याच वाटेने आले. साध्या गंधकयुक्त पोलादाची कापण्यातली सुलभता 100 धरली तर 304 ची 45 च्या आसपास आणि 303 ची 75 ते 80 धरतात. दिवसाला हजार फिटिंग काढणाऱ्या कारखान्यात एवढ्यावर नफा-तोटा ठरतो.

पण टूलला सोपं जाणारे तेच कण खाऱ्या पाण्याला दार उघडून देतात. क्लोराइड तिथूनच आत शिरतं आणि टाचणीएवढे खड्डे पडतात. वेल्डिंग केलं तर सांधा तडकण्याचा धोका. म्हणून रत्नागिरीच्या धक्क्यावर किंवा बोटीवर बसणाऱ्या पंपासाठी 303 अजिबात नको. तिथे 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनमचं 316 लागतं, कापायला त्रास झाला तरी. वेल्डिंग न होणारा, कोरड्या जागी बसणारा, आट्यांचा छोटा भाग असेल तर मात्र 303 सोडून 304 घेणं म्हणजे टूल आणि वेळ उगाच जाळणं. तरीही कित्येक ड्रॉइंगवर नुसतं ‘एस.एस.’ लिहिलेलं असतं. तो टर्नरवर अन्याय आहे आणि भाग वापरणाऱ्यावर त्याहून मोठा.

भोसरीत काय आणि सातपूरला काय, शॉपमध्ये बारची खात्री चुंबकाने करायची सवय आहे. ती 416 ओळखायला बरी, कारण त्याला चुंबक घट्ट चिकटतं. 303 आणि 304 चा भेद चुंबकाला कळत नाही. त्यासाठी बाउमान या धातुतज्ज्ञाची जुनी रीत आहे. बारचा काप पॉलिश पेपरने घासायचा, फोटोचा ब्रोमाइड कागद पातळ गंधकाम्लात भिजवून त्यावर दाबायचा. गंधक असलं की कागदावर तपकिरी ठिपके उमटतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे ठिपके दिसले की माल खराब ठरायचा. 303 च्या बारवर ते उमटायलाच हवेत.