नेव्हिल डिसोझा: मेलबर्नचे चार गोल

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवले. चारपैकी तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई फुटबॉलपटू. ४ डिसेंबरला युगोस्लाव्हियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात पहिला गोलही त्याचाच. काही मिनिटे भारत चक्क आघाडीवर होता. नंतर चार गोल स्वीकारून आपण हरलो. तरीही स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिलचे नाव राहिले.

मुंबईत खेळणाऱ्या या खेळाडूची मराठी स्मृतीत नोंद का नाही, याचे एक उत्तर तारखांतच आहे. ६ डिसेंबरला हॉकी संघाने पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक जिंकले. त्याच दिवशी दिल्लीत बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ०-३ असे हरवले, तेव्हा मुंबई बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत चालत होती. शिवाय द्वैभाषिक राज्य नुकतेच लादले गेले होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटलेला होता. फुटबॉलकडे पाहायला कोणाला सवड असणार?

पण एवढ्याने भागत नाही. नेव्हिलचा जन्म १९३२ सालचा, गोव्यातील आसगावचा. मेलबर्नला तो भारताच्या वतीने खेळला तेव्हा त्याचे जन्मगाव पोर्तुगीज अमलाखाली होते. आदल्याच वर्षी, १५ ऑगस्टला, गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. या विसंगतीत एखाद्या कादंबरीचा ऐवज आहे. ती मराठीत व्हायला हवी होती, असे मला वारंवार वाटते.

माझ्या वडिलांनी त्याला कूपरेजवर पाहिले होते. त्यांच्या सांगण्यात गोलांपेक्षा त्याच्या उभे राहण्याचे वर्णन अधिक असे: हा माणूस चेंडूमागे धावत नाही, चेंडू जिथे येणार तिथे आधी जाऊन थांबतो. नेव्हिल कॅल्टेक्सकडून खेळे, आणि १९५८ साली त्या कंपनीच्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांचे ते फुटबॉल होते. कंपन्यांचे संघ संपले, तशी त्यांच्याभोवतीची आठवण सांगणारी माणसेही पांगली.

बंगालीत मोती नंदी यांनी ‘स्ट्रायकर’ आणि ‘स्टॉपर’ लिहिल्या; मोहन बागान आणि ईस्ट बंगाल ही तिथे घराघरांतली भांडणे आहेत. चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी यांची कीर्ती त्यांच्या पायांनी कमावली हे खरे, पण ती टिकवली भाषेने. मराठीने हे क्रिकेटसाठी भरभरून केले. नेव्हिल कोकणी समाजातला, इंग्रजी वृत्तपत्रांच्या क्रीडापानातला आणि मराठी शहरातला. तिन्हींपैकी एकीनेही त्याला पुरता आपला म्हटले नाही.

सय्यद अब्दुल रहीम यांच्यावर २०२४ मध्ये ‘मैदान’ हा चित्रपट आला. त्याचे शिखर अर्थातच जकार्ताचे १९६२ चे सुवर्णपदक. मेलबर्नचा चौथा क्रमांक शिखराच्या वाटेवरचा एक थांबा ठरतो, आणि पदकांची गणती करणाऱ्यांना थांबे मोजण्याचे कारण नसते. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले. फुटबॉलचा पहिला पी. के. बॅनर्जी यांना मिळाला, तो योग्यच. नेव्हिलला तो कधीच मिळाला नाही. १९८० साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो गेला.