अलास्काचा रस्ता आणि हिवाळ्यांतील यंत्रें

यंत्राला थंडी वाजत नाहीं, अशी उष्ण देशांत राहणाऱ्या माणसाची सहज समजूत असते. माघांतल्या पहाटे मोटार थोडी कुरकुरते, दोनतीन प्रयत्नांत सुरू होते, आणि गोष्ट तेथेंच संपते. परंतु पृथ्वीच्या पाठीवर असेहि प्रदेश आहेत कीं, जेथें संध्याकाळीं बंद केलेलें यंत्र सकाळीं लोखंडाचा मुका गोळा होऊन बसतें. १९४२ सालीं कॅनडा व अलास्का यांच्या अरण्यांतून अमेरिकेच्या सैन्यानें जो रस्ता काढला, त्याच्या इतिहासांत ही गोष्ट पानोपानीं आढळते.

७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि अलास्काकडे खुष्कीचा मार्गच नाहीं, ही उणीव अमेरिकेला एकाएकीं जाणवली. मार्च १९४२ मध्यें काम सुरू झालें. ब्रिटिश कोलंबियांतील डॉसन क्रीकपासून अलास्कांतील डेल्टा जंक्शनपर्यंत चौदाशें मैलांहून अधिक लांबीचा हा रस्ता होता. त्यासाठीं अभियंत्यांच्या सात पलटणी, म्हणजे दहा हजारांहून अधिक सैनिक, पाठविण्यांत आले. त्यांपैकीं ९३, ९५ व ९७ या तीन पलटणी कृष्णवर्णी सैनिकांच्या होत्या. या लोकांना थंडी सोसणार नाहीं आणि अवजड यंत्रें त्यांच्या हातीं देऊं नयेत, असा लष्करांत अनेकांचा ग्रह होता. अलास्कांतील सेनापति बकनर यांनीं तर त्यांच्या येण्यालाच नापसंती दर्शविली होती. ९५ व्या पलटणीच्या वांट्याला यंत्रें कमी आणि कुऱ्हाडी-फावडीं अधिक आलीं, तीं या ग्रहामुळेंच.

रस्त्याचें खरें बळ बुलडोझरांत होतें, आणि त्यांतील मोठे बुलडोझर डिझेल एंजिनाचे होते. हें एंजिन थंडीला एवढें कां भितें, हें समजण्यासाठीं त्याचा स्वभाव पाहिला पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानें १८९७ सालीं तें यशस्वी करून दाखविलें. पेट्रोलच्या एंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलमध्यें ठिणगीच नसते. नळकांड्यांतील हवा दट्ट्यानें इतकी दाबली जाते कीं, ती तापून कित्येक शें अंशांवर जाते, आणि तींत फवारलेलें इंधन आपोआप पेट घेतें. म्हणजे उष्णता हीच त्याची ठिणगी. नळकांड्याच्या भिंती बर्फासारख्या थंड असल्या कीं, त्या ही उष्णता शोषून घेतात आणि एंजिन पेटत नाहीं.

थंडीचे आणखीहि तीन आघात असतात. वंगणाचें तेल गुळाच्या पाकासारखें घट्ट होतें, व दट्टे वेगानें हलत नाहींत. विजेच्या बॅटरीची शक्ति, नेमकी अधिक हवी असते तेव्हांच, घटते. आणि डिझेल तेलांत मेणाचा जो अंश असतो, त्याचे कण गोठून गाळण्यांत अडकतात. टाकी भरलेली असूनहि एंजिन उपाशी राहतें.

कॅटरपिलरच्या ट्रॅक्टरांवर यासाठीं एक सुंदर योजना होती. मोठ्या डिझेल एंजिनाच्या शेजारीं दोन नळकांड्यांचें पेट्रोलचें एक लहान एंजिन बसविलेलें असे. प्रथम तें सुरू करावयाचें. दोन्हीं एंजिनांना थंड ठेवणारें पाणी एकच असल्यानें धाकट्याची ऊब थोरल्याला मिळे. त्याचा तप्त धूर थोरल्याच्या हवेचा मार्ग तापवी. मग धाकटें एंजिन थोरल्याला फिरवी, आणि थोरलें जागें होई.

पण अतिशीत प्रदेशांत एवढ्यानेंहि भागत नाहीं. तेथें यंत्र सुरू करण्याचें काम सकाळचें नसून आदल्या संध्याकाळचें असतें. टाकी सायंकाळींच कांठोकांठ भरावी, नाहींतर रिकाम्या जागेंतील हवेची वाफ थिजून इंधनांत पाणी उतरतें. पट्ट्यांतील चिखल खरवडून यंत्र लांकडी ओंडक्यांवर उभें करावें. नाहींतर रात्रींतून पट्टे जमिनीशीं गोठून एकजीव होतात.

२५ ऑक्टोबर १९४२ रोजीं बीव्हर क्रीकजवळ दोन बाजूंनीं येणारे दोन बुलडोझर झाडें पाडीत समोरासमोर आले. एकावर ९७ व्या पलटणीचा कृष्णवर्णी कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स होता, दुसऱ्यावर १८ व्या पलटणीचा श्वेतवर्णी आल्फ्रेड जालुफ्का. रस्ता जुळला, आणि खरा हिवाळा त्यानंतर उतरला. फ्लोरिडासारख्या उबदार प्रांतांत शिक्षण घेतलेली ९७ वी पलटण तो हिवाळा तेथेंच राहिली. पारा शून्याखालीं चाळीस अंशांच्याहि पलीकडे जाई. एंजिनें दिवसरात्र चालूं ठेवावीं लागत. जीं थांबत, त्यांच्या पोटाखालीं विस्तव करून तीं उठवावीं लागत. या मुलखाची थंडी काय असते, याची साक्ष बीव्हर क्रीकजवळच्या स्नॅग या ठाण्यानें पुढें दिली: ३ फेब्रुवारी १९४७ रोजीं तेथें पारा शून्याखालीं सुमारें ६३ सेंटिग्रेडपर्यंत उतरला.

ज्यांच्या हातीं यंत्र देऊं नये असें म्हटलें गेलें होतें, त्यांनींच रात्रीं जागून तीं यंत्रें जिवंत राखलीं. २६ जुलै १९४८ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं सैन्यांतील वर्णभेद दूर करण्याची आज्ञा काढली. तिचीं कारणें अनेक होतीं. परंतु अशा मूक कामगिरीचा तींत वांटा नव्हता, असें कोण म्हणेल?

हा विषय आपल्याहि देशाला परका नाहीं. लडाखमध्यें डिझेल गोठूं नये म्हणून वाहनचालक त्यांत रॉकेल मिसळीत. २०१९ सालीं इंडियन ऑइलनें उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें खास हिवाळी डिझेल तेथें आणलें. साधनें सुधारलीं, तेलें सुधारलीं. पण बर्फांतला रस्ता सकाळीं मोकळा दिसतो, तेव्हां त्यामागें आदल्या संध्याकाळीं गारठलेल्या बोटांनीं टाकी भरणारा, पट्टे खरवडणारा कोणीतरी असतोच. प्रवासी निघून जातो. त्या माणसाचें नांव मैलाच्या दगडावर कोठेंहि कोरलेलें नसतें.