पत्ता मालाच्या अंगावरच असतो

या मालिकेत आपण लढाया, तह आणि किल्ले यांच्याविषयी बोलतो. आजही सुरुवात तहापासूनच आहे, पण पोहोचायचं आहे ते आपल्या शरीरातल्या पेशीच्या आत. विज्ञान म्हटलं की ज्यांना दहावीची परीक्षा आठवते त्यांनी घाबरू नये. मी इतिहासाचा पदवीधर, आणि माझी नोकरी गेली ती सैन्याला रसद पोहोचवण्यात. कोणता माल कुठे पोहोचायचा आणि तो तिथेच कसा पोहोचेल, हा माझ्या रोजच्या भाकरीचा प्रश्न होता. म्हणून हा विषय मला धरून बसला.

मी बोलतोय तंजावरहून. इथल्या मराठी राज्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. १७९८ साली सरफोजीराजे दुसरे गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी, १७९९ मध्ये, कंपनीशी तह झाला. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे राहिला तंजावरचा किल्ला, भोवतीचा थोडा मुलुख, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा. किल्ल्याच्या आत गादी होती, दरबार होता, सरस्वती महालातले ग्रंथ होते, धन्वंतरी महालातली औषधं होती. पण मुलुखाचा गाडा बाहेरून चालत होता.

आता पेशीकडे वळू. पेशीत तंतुकणिका नावाची अंगकं असतात, इंग्रजीत मायटोकाँड्रिया. पेशीला लागणारी बहुतेक ऊर्जा तिथे तयार होते. फार फार पूर्वी, शंभर कोटींहून जास्त वर्षांमागे, हे स्वतंत्र जिवाणू होते. दुसऱ्या पेशीत शिरले, राहिले, आणि हळूहळू आपला कारभार यजमान पेशीच्या केंद्रकाकडे देऊन बसले. त्यांचं स्वतःचं छोटं डीएनए अजून आहे. माणसाच्या तंतुकणिकेच्या या डीएनएची संपूर्ण अक्षरं केंब्रिजच्या गटाने १९८१ मध्ये वाचली: १६,५६९. त्यातून किती प्रथिनं बनतात? फक्त १३. आणि तंतुकणिकेला लागतात हजारावर. बाकी सगळी बाहेर तयार होतात आणि दारातून आत येतात. सरफोजीराजांच्या तहाची आठवण होते की नाही? फरक इतकाच, की इथे तह कुठल्याच कागदावर नाही.

मग प्रश्न असा. पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं बनतात. बहुतेक सगळी एकाच मोकळ्या जागेत, रायबोसोम नावाच्या यंत्रांवर. त्यातलं कुणी केंद्रकात जायचं, कुणी तंतुकणिकेत, कुणी थेट पेशीबाहेर. हे त्यांना सांगतं कोण? माझ्या नोकरीत चलन असायचं, ट्रकवर युनिटचा नंबर असायचा, आणि शेवटी एक हवालदार यादी हातात घेऊन ओरडायचा. पेशीत ना हवालदार, ना मुख्यालय.

या प्रश्नाची वाट उघडली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत. रुमानियातून आलेले जॉर्ज पॅलेड तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडाच्या पेशी बघत असत. पाचकरस बनवून बाहेर टाकणं हेच या पेशींचं काम. पॅलेडनी दाखवलं की ही प्रथिनं आधी आंतर्द्रव्यजालिका नावाच्या पडद्यांच्या जाळ्यात शिरतात आणि तिथून टप्प्याटप्प्याने बाहेर पडतात. १९७४ चं नोबेल त्यांना दोघा सहकाऱ्यांबरोबर मिळालं. पण त्या जाळ्यात नेमकी तीच प्रथिनं का शिरतात, हे कोडं राहिलंच.

ते सोडवलं त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या गुंटर ब्लोबेल यांनी. या माणसाची कथा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जन्म १९३६ चा, सायलेशियातल्या एका खेड्यातला, म्हणजे आजच्या पोलंडमधला. १९४५ च्या जानेवारीत रशियन फौजा जवळ आल्या तसं कुटुंब पश्चिमेकडे निघालं. वाटेत त्या आठ वर्षांच्या मुलाने ड्रेस्डेन शहर आणि तिथल्या फ्राउएनकिर्श चर्चचा घुमट पाहिला. काही दिवसांनी, १३ फेब्रुवारीच्या रात्री, दूरच्या गावातून त्याने त्याच शहराच्या आगीने लाल झालेलं आकाश पाहिलं. एप्रिलमध्ये त्याची १९ वर्षांची बहीण रेल्वेवरच्या हवाई हल्ल्यात गेली. पन्नासहून अधिक वर्षांनी, १९९९ मध्ये, नोबेल मिळालं तेव्हा ब्लोबेलनी ती सगळी रक्कम ड्रेस्डेनला दिली: चर्च पुन्हा उभं करायला आणि नवं सिनेगॉग बांधायला. चर्च २००५ मध्ये उघडलं. बॉम्बफेकीच्या लष्करी हिशेबावर मी अनेकदा बोललो आहे. त्या हिशेबात हा मुलगा कुठल्या रकान्यात बसतो, मला सांगता येणार नाही.

असो. १९७१ मध्ये ब्लोबेल आणि डेव्हिड साबातिनी यांनी एक अंदाज मांडला: पत्ता प्रथिनाच्या अंगावरच असावा, त्याच्या साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला. पुरावा जवळजवळ नव्हताच. १९७२ मध्ये केंब्रिजला सेझार मिलस्टाइन यांच्या गटाला आढळलं की प्रतिपिंडाची एक साखळी परीक्षानळीत बनवली तर ती शरीरातल्या साखळीपेक्षा थोडी लांब निघते. पुढच्या टोकाला एक जास्तीचा तुकडा असतो आणि पुढे कुठेतरी तो कापला जातो.

१९७५ चा ब्लोबेल आणि डॉबरस्टाइन यांचा प्रयोग मला फार आवडतो, कारण तो वेढ्यासारखा आहे. परीक्षानळीत प्रथिन बनवायचं आणि बनत असतानाच कुत्र्याच्या स्वादुपिंडातल्या पडद्यांच्या पिशव्या त्यात सोडायच्या. नंतर प्रथिनं फस्त करणारं विकर घालायचं. जे बाहेर असेल ते खाल्लं जाईल, जे पिशवीत शिरलं असेल ते वाचेल. साखळी वाचली, आणि तिचा पुढचा तुकडाही कापलेला मिळाला. पिशव्या साखळी पूर्ण झाल्यावर सोडल्या तर मात्र ती बाहेरच राहिली. शिवाय एका प्राण्याचा माल दुसऱ्या प्राण्याच्या पडद्याने विनातक्रार आत घेतला. म्हणजे पत्त्याची लिपी सगळ्यांची एकच.

केंद्रकाचा दरवाजा निराळा. जालिकेत आणि तंतुकणिकेत प्रथिन उलगडून, दोऱ्यासारखं आत ओवलं जातं. केंद्रकाच्या भिंतीत मात्र मोठी छिद्रं असतात, प्रत्येक छिद्र शेकडो प्रथिनांनी बांधलेलं, आणि त्यातून घडी घातलेलं प्रथिन आहे तसं आत जातं. म्हणजे तिकडे तोफ सुटी करून न्यायची आणि इकडे गाड्यासकट. लहान प्रथिनं छिद्रातून अशीच निसटतात. मोठ्यांना परवाना लागतो. १९८४ मध्ये एका माकड-विषाणूच्या प्रथिनावर हा परवाना सापडला: जेमतेम सात अमिनो आम्लं. त्यातलं एकच लायसिन बदललं, तर अख्खं प्रथिन दाराबाहेर राहिलं.

आणखी एक बारीक गोष्ट. जालिकेत शिरताना पत्ता बहुधा कापून टाकतात, केंद्रकात शिरताना कापत नाहीत. का? आपली पेशी दुभंगते तेव्हा केंद्रकाची भिंत विरघळते आणि नंतर पुन्हा बांधली जाते. आतली मंडळी बाहेर विखुरतात आणि सगळ्यांना पुन्हा दारातून यावं लागतं. परवाना फाडून कसा चालेल? पुण्यात, विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात, राधा चौहान यांचा गट याच छिद्राच्या रचनेवर काम करतो. त्यांनी आधी ब्लोबेल यांच्याबरोबरही काम केलं आहे.

पुण्याचं नाव आलंच आहे तर काजव्याची गोष्टही सांगतो. सुरेश सुब्रमणी हे फर्ग्युसनचे विद्यार्थी, पुढे आयआयटी कानपूर आणि मग अमेरिका. त्यांच्या गटाने काजव्याला उजेड देणारं प्रथिन माकडाच्या पेशीत बनवलं. ते कुठे गेलं? पेरॉक्सिसोम नावाच्या इवल्या पिशव्यांत. काजव्याच्या दिव्यातही त्याची जागा हीच. १९८७ ते १९८९ या काळात त्यांनी त्याचा पत्ता शोधला: साखळीच्या अगदी शेवटची तीन अमिनो आम्लं. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला जाल तेव्हा हे आठवा.

पत्ता चुकला तर काय होतं? यकृतातलं एक विकर, लघुनाव एजीटी, माणसात पेरॉक्सिसोममध्ये काम करतं. ऑक्झलेट जास्त साचू न देणं हे त्याचं काम. काही घराण्यांत त्याच्या साखळीत दोन छोटे बदल एकत्र येतात. एका बदलाने सुरुवातीला तंतुकणिकेचा कच्चा पत्ता तयार होतो, दुसऱ्याने साखळीची घडी लवकर बसत नाही, आणि माल तंतुकणिकेत उतरतो. विकर शाबूत आहे, कामही करतंय, पण चुकीच्या छावणीत. इकडे ऑक्झलेट साचत जातं, लहान वयात मूतखडे होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. लंडनमध्ये ख्रिस्तोफर डॅनप्यूर यांच्या गटाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे उलगडलं. त्याआधी डॉक्टर विकर आहे की नाही एवढंच मोजत, आणि काही रुग्णांत तर ते सापडत असे.

रसदीत आम्ही भांडाराचा हिशेब तपासायचो आणि तो जुळायचा. पुढच्या चौकीवर चूल पेटली का, हे त्या हिशेबात दिसत नसे. या रुग्णांतल्या काहींना ब६ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने फरक पडतो. त्याने घडी सुधारते आणि थोडा माल योग्य ठिकाणी वळतो. इतरांना यकृत बदलावं लागत असे. २०२० पासून ऑक्झलेटचं उत्पादनच कमी करणारं इंजेक्शन निघालं आहे. मुलाला वारंवार मूतखडे होत असतील तर ही तपासणी करायची का, एवढं तज्ज्ञाला नक्की विचारा.

पुढच्या भागात पुन्हा किल्ल्यावर येऊ: १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे गेले आणि कंपनीने तंजावर खालसा केलं, तेव्हा वाड्यातल्या माणसांचं आणि ग्रंथांचं काय झालं ते पाहू.