राज्यवर्षांच्या ताळ्याची कुळकथा

एका राज्याचा राजा केव्हा गादीवर बसला हे शेजारच्या राज्यातील राजाच्या राज्यवर्षाने, म्हणजे त्याच्या कारकिर्दीचे तेव्हा कितवे वर्ष चालू होते त्यावरून, सांगण्याची एक पद्धत प्राचीन इस्राएलाच्या इतिहासलेखनात आढळते. तिला राज्यवर्षांचा ताळा म्हणता येईल. बायबलच्या जुन्या करारातील ‘राजे’ या नावाची दोन पुस्तके या ताळ्यावर उभी आहेत. यहूदाचा राजा आसा याच्या तिसऱ्या वर्षी बाशा हा इस्राएलाचा राजा झाला आणि त्याने २४ वर्षे राज्य केले, अशा धर्तीची नोंद तेथे जवळजवळ प्रत्येक राजाच्या आरंभी येते. नंतर यहूदाच्या राजाची पाळी आली की हेच माप उलटून इस्राएलाच्या राजाच्या वर्षांत दिले जाते.

ही पद्धत फाळणीच्या पोटी जन्मली. शलमोन राजा सुमारे इ.स.पू. ९३० मध्ये मरण पावल्यावर त्याचा पुत्र रहबाम राज्याभिषेकासाठी शखेम येथे गेला, तेव्हा उत्तरेकडील वंशांनी बापाच्या काळातील वेठीचे ओझे हलके करण्याची मागणी केली. वृद्ध मंत्र्यांचा सल्ला डावलून आणि तरुण सोबत्यांचे ऐकून रहबामाने ती धुडकावली. वेठीवरचा अधिकारी अदोराम याला त्याने लोकांकडे पाठविले आणि लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले. उत्तरेतील दहा वंशांनी यराबाम याला राजा केले. शलमोनाच्याच काळात तो योसेफाच्या घराण्याकडील वेठीच्या कामावरचा अधिकारी होता आणि राजाच्या रोषामुळे मिसरात पळून गेला होता. रहबामाकडे यहूदा आणि त्याला लागून असलेला बन्यामिनाचा प्रदेश उरला. यापुढे ‘इस्राएल’ हे नाव उत्तरेच्या राज्याचे झाले, तर यरुशलेमची गादी दाविदाच्या घराण्याकडे राहिली.

फाळणीच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे शेजारी ठेवले की काय बदलले ते दिसते. दाविदाने ४० वर्षे राज्य केले आणि शलमोनानेही ४० वर्षे. चाळीस ही त्या वाङ्मयातील एका पिढीची ठोकळ संख्या आहे. फाळणीनंतर मात्र यहूदाकडे १७, ३, ४१, २५ आणि ८, तर इस्राएलाकडे २२, २, २४, २ असे आकडे येतात आणि जिम्री नावाच्या बंडखोर सरदाराच्या वाट्याला केवळ सात दिवस येतात. असे ओबडधोबड आकडे कोणी मनाने रचत नाही. ते कोणत्या तरी दप्तरातून आलेले असतात. ‘राजे’च्या लेखकाने इस्राएलाच्या आणि यहूदाच्या राजांचे दोन वेगळे इतिहासग्रंथ वारंवार नावानिशी सांगितले आहेत. ते दोन्ही ग्रंथ आज नष्ट झाले असले, तरी उत्तरेची राजधानी शोमरोन येथे १९१० साली सापडलेल्या खापरांवरून राज्यवर्षांचा रोजचा उपयोग कळतो. इ.स.पू. आठव्या शतकातील या खापरांवर द्राक्षारस आणि तेल यांच्या भरण्याच्या नोंदी शाईने लिहिल्या आहेत. त्यांच्यावर नववे, दहावे, पंधरावे असे वर्ष दिले आहे, पण राजाचे नाव कोठेच नाही, कारण ज्याच्या कोठारात माल जात होता त्याचे नाव लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला सांगण्याची गरज नव्हती. दोन राज्यांचा इतिहास एका धाग्यात ओवायचा झाला, तेव्हा मात्र हे बिननावाचे वर्ष पुरेनासे झाले.

अशी गरज केवळ इस्राएलालाच पडली होती असे नाही. भाषा, लिपी आणि देवता यांनी जवळ असलेल्या आणि राजकारणात एकमेकांशी झगडणाऱ्या अश्शूर व बाबेल या राज्यांच्या समकालीन राजांना शेजारी ठेवणाऱ्या मृत्तिकापट्टिका सापडल्या आहेत. अश्शूर नगरातील अशा एका पट्टिकेत दोन्हीकडील राजांच्या नावांच्या समांतर याद्या आहेत. तथापि तेथे राजा राजासमोर येतो, तर ‘राजे’च्या पुस्तकांत वर्ष वर्षासमोर येते, आणि हे पाऊल पुष्कळच पुढचे आहे.

हा ताळा दोन्ही बाजूंना समान न्याय देणारा नाही. यहूदाच्या राजाचे राज्यारोहणाच्या वेळचे वय आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या आईचे नाव सांगितले जाते. इस्राएलाच्या राजाविषयी यांपैकी काहीच नसते, त्याची राजधानी मात्र दिलेली असते. यराबामाने बेथेल आणि दान येथे सोन्याची वासरे स्थापून लोकांना यरुशलेमच्या मंदिरापासून तोडले, या अपराधाचा ठपका उत्तरेच्या जवळजवळ प्रत्येक राजावर ठेवलेला आहे. तरीही ज्यांना लेखक धर्मभ्रष्ट मानतो त्यांची वर्षे तो गाळत नाही, हे त्याच्या इतिहासनिष्ठेचे मोठे गमक आहे. अपवाद अथल्या राणीचा. उत्तरेच्या अम्री घराण्यातील या स्त्रीने पुत्राच्या मृत्यूनंतर यरुशलेमची सत्ता बळकावली. तिच्या राज्याला नेहमीची आरंभीची आणि शेवटची नोंद नाही. सहा वर्षांचा ओझरता उल्लेख तेवढा येतो आणि पुढचा राजा योवाश इस्राएलाचा राजा येहू याच्या सातव्या वर्षी गादीवर आला, एवढ्यावर काम भागवले जाते.

आता गणिताकडे वळले पाहिजे, कारण या पद्धतीचे सगळे मर्म तेथे आहे. इस्राएलाचा नादाब आसाच्या दुसऱ्या वर्षी राजा झाला, तिसऱ्या वर्षी मारला गेला, तरी त्याची कारकीर्द दोन वर्षांची म्हटली आहे. बाशा तिसऱ्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत होता, म्हणजे अंतर २३ वर्षांचे, पण नोंद २४ वर्षांची आहे. त्याचा पुत्र एला सव्विसाव्यात आला आणि सत्ताविसाव्यात गेला, तरी त्याला दोन वर्षे दिली आहेत. प्रत्येक ठिकाणी नेमके एक वर्ष जास्त भरते, आणि चूक अशी नेमाने होत नसते. भारतीय शिलालेखांत शकाचे वर्ष कधी ‘गत’ म्हणजे पूर्ण झालेले, तर कधी ‘वर्तमान’ म्हणजे चालू असलेले दिलेले असते आणि त्यामुळे काळाच्या हिशेबात एका वर्षाचा फरक पडतो. येथील प्रकार त्याच जातीचा आहे. इस्राएलाच्या दप्तरात राजा ज्या वर्षी गादीवर आला ते अपुरे वर्षच त्याचे पहिले वर्ष धरीत, त्यामुळे तेच वर्ष मेलेल्या राजाच्या शेवटच्या वर्षातही जमा होई. यहूदात आरंभी ते अपुरे वर्ष ‘राज्यारोहणाचे वर्ष’ म्हणून बाजूला ठेवीत आणि पुढच्या नववर्षापासून पहिले वर्ष मोजीत.

याचा पडताळा घेण्याची संधी इतिहासानेच दिली आहे. येहू या सेनापतीने एकाच उठावात इस्राएलाचा योराम आणि यहूदाचा अहज्या या दोघांना मारले, त्यामुळे फाळणीपासून त्या उठावापर्यंतचा काळ दोन्हीकडे सारखा असलाच पाहिजे. प्रत्यक्षात आकड्यांची बेरीज इस्राएलाकडे ९८ आणि यहूदाकडे ९५ होते. एडविन थीले या अमेरिकन विद्वानाने १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वरील दोन पद्धतींचा भेद लावून, बापलेकांनी काही काळ मिळून केलेले राज्य हिशेबात धरून आणि यहूदाने मध्येच उत्तरेची पद्धत उचलली असे मानून, दोन्ही बेरजा सुमारे ९० वर्षांवर आणून भिडवल्या. यहूदाचे राजवर्ष शरदातील तिश्री महिन्यापासून आणि इस्राएलाचे वसंतातील निसान महिन्यापासून सुरू होई, असेही त्याने मांडले. यराबामाने सातव्या महिन्यातील सण आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी नेल्याची नोंद असल्यामुळे दोन राज्यांची पंचांगे वेगळी असणे असंभवनीय वाटत नाही.

बाहेरचा पुरावा अश्शूरकडून मिळतो. तेथे प्रत्येक वर्षाला एका अधिकाऱ्याचे नाव देत. त्या याद्यांतील एका वर्षाखाली सूर्यग्रहणाची नोंद असून ते ग्रहण १५ जून, इ.स.पू. ७६३ चे ठरले आहे, आणि त्यावरून मागची-पुढची सर्व वर्षे बसविता येतात. अश्शूरचा सम्राट तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात करकार येथील इ.स.पू. ८५३ च्या लढाईत इस्राएलाचा राजा अहाब २,००० रथ आणि १०,००० सैनिक घेऊन उतरल्याचे म्हटले आहे, तर इ.स.पू. ८४१ मध्ये येहूने त्याच सम्राटाला खंडणी दिली. दोहोंमधील अंतर १२ वर्षांचे आहे. या काळात बायबलनुसार इस्राएलाच्या अहज्याची (यहूदाच्या नव्हे) दोन आणि योरामाची बारा, अशी १४ वर्षे येतात. चालू वर्ष मोजण्याच्या रीतीने प्रत्येकी एक वजा केले की नेमकी बारा उरतात. या ताळ्यावर विश्वास ठेवण्यास याहून बळकट आधार क्वचितच मिळेल.

पुढे मात्र गाठी सुटत नाहीत. यहूदाचा राजा हिज्कीया याच्या सहाव्या वर्षी शोमरोन पडले, असे एक वाक्य सांगते. त्याच्या चौदाव्या वर्षी अश्शूरचा राजा सन्हेरीब याची स्वारी आली, असे दुसरे सांगते. शोमरोनचा पाडाव सुमारे इ.स.पू. ७२२ चा आणि ती स्वारी निश्चितपणे ७०१ ची असल्यामुळे हिज्कीयाचे राज्यारोहण एका हिशेबाने ७२७ च्या सुमारास, तर दुसऱ्याने ७१५ च्या सुमारास येते. इस्राएलाचा राजा पेकह याची २० वर्षे उत्तरेच्या शेवटच्या गोंधळाच्या काळात सरळ मावत नाहीत. थीलेच्या विरोधकांनी त्याने संयुक्त कारकिर्दी फार सढळपणे कल्पिल्या असा आक्षेप घेतला आहे, आणि तो काही अंशी खरा आहे. तरी या विसंगतींतून निघणारा निष्कर्ष लेखकाच्या विरुद्ध जात नाही. सर्व ताळे संपादकाने स्वतः मांडले असते, तर ते एकमेकांशी जुळले असते. न जुळणारे आकडे त्याने जसेच्या तसे ठेवले, त्या अर्थी ते त्याला जुन्या लेखांतून मिळाले असावेत आणि आपल्या सोयीसाठी ते बदलणे त्याला मान्य नसावे.

शोमरोनच्या पाडावानंतर यहूदाला ताळा घालायला जोडीदार उरला नाही आणि सव्वाशेच्या आसपास वर्षे एकाकी मोजणी चालली. नंतर ती जागा बाबेलने घेतली. यहोयाखीन राजा शरण गेला ते वर्ष ‘राजे’च्या पुस्तकात बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याचे आठवे आहे, तर यिर्मयाच्या पुस्तकातील यादीत आणि बाबेलच्या स्वतःच्या बखरीत सातवे आहे. राज्यारोहणाचे वर्ष मोजावे की सोडावे, हा जुना भेद येथेही डोके वर काढतो.

इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी विधिसंग्रहात निसानची पहिली तिथी राजांचे नववर्ष ठरविली आहे. त्यावरील तालमुदातील चर्चेत, अदार महिन्याच्या २९ तारखेला गादीवर बसलेल्या राजाचेही निसान लागताच एक वर्ष भरले असे धरावे, हा दंडक दिला आहे. इ.स. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप युसेबियस याने निरनिराळ्या राष्ट्रांच्या राज्यवर्षांचे उभे स्तंभ एकाच पानावर मांडले. त्याच्या कोष्टकात राज्य संपले की त्याचा स्तंभ संपतो. लॅटिन पश्चिमेत जेरोमच्या भाषांतरामुळे हे कोष्टक हजारांहून अधिक वर्षे वापरात राहिले. १५८३ साली जोसेफ स्कॅलिजर याने ७,९८० वर्षांचे ज्युलियन चक्र मांडले आणि कोणत्याही राजाच्या कारकिर्दीचा आधार न घेता सर्व राज्यांची वर्षे एका मापावर बसविण्याची सोय झाली.